आभाळातल्या दगडाचं चित्र

तलासरी, १८ मार्च २०१८

दादा,

घरी सगळे बरे आहेत. जतीनभाई म्हणाले, पहिली ओळ हीच लिही, तिकडे माणूस आधी तीच शोधतो. जतीनभाई म्हणजे डहाणूच्या मच्छीमार सोसायटीत बसतात ते. समुद्रात हद्दीपलीकडच्यांनी धरलेल्या खलाशांचे कागद तेच दिल्लीला पाठवतात. नोव्हेंबरात तुमची ओख्याची बोट धरली तेव्हापासून वहिनी आणि मी त्यांच्याकडे खेपा घालतोय. ते म्हणाले, पत्र हिंदीत लिही, तिकडे तपासून लवकर होतं. आई ऐकेना. म्हणाली, "तिथं त्याच्याशी आपल्यासारखं कोण बोलणार? कागद तरी आपल्या भाषेत जाऊ दे." म्हणून मराठीत लिहितोय. तू चौथीतच शाळा सोडलीस, तुला एवढं वाचायला जड जाईल. पण तुझ्या बोटीवरचा शुक्रा तुझ्याच बराकीत आहे असं कळलं. तो वाचून दाखवेल.

आईचा गुडघा दुखतो, पण चालते. वहिनी चिकूच्या वाडीवर जाते. तुझी कोंबडी खुडूक बसली होती, पिल्लं निघाली. मुंगसानं काही नेली, बाकीची अंगणभर फिरतात. मी तलासरीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो, आणि मशीन मोकळं असेल तेव्हा माझं ते काम करतो. तू बोटीवर जायच्या आधी म्हणालो होतो ना, दिवाळीपर्यंत होईल, तेच.

तेव्हा तुला नीट सांगितलं नव्हतं. पोरं मोबाइलवर गाड्या पळवतात, त्या गेमच्या आत एक इंजिन असतं. ऊन कुठून येतं, सावली कुठं पडते, लांबची वस्तू किती लहान दिसते, हे सगळं ते ठरवतं. परदेशातल्या काही विद्यार्थ्यांनी हे इंजिन घेऊन वेगळंच काम केलंय. वर सूर्याभोवती डोंगराएवढे दगड फिरत असतात. तिथं यान पाठवायचं तर त्याच्या कॅमेऱ्याला दगड कसा दिसेल, ते आधी कळायला हवं. फोटो काढायला तिथं कोण जाणार? म्हणून हा प्रोग्राम तसा फोटो तयार करतो. हवा नाही म्हणून सावली काळीकुट्ट. कॅमेऱ्यात येतात तसे बारीक दाणेसुद्धा टाकतो. त्या खोट्या फोटोंवर यानाची परीक्षा घेतात.

प्रोग्राम फुकट आहे, पण तयार मिळत नाही. त्याचा कोड उतरवायचा, गेम इंजिनचाही उतरवायचा, आणि दोन्ही आपल्या मशीनवर मुळापासून बांधायचे. विकतची बोट न घेता लाकूड आणून बांधावी तसं. पाड्यावर मात्र अजून म्हणतात, "भाऊ तुरुंगात आणि हा दिवसभर गेम खेळतो."

तर ऐक, झालं. बांधून झालं! सोबत एक चित्र ठेवलंय, ते मी बनवलेलं. वरून उपग्रहाच्या कॅमेऱ्यानं बघावं तसा तो दगड आहे. खड्डे बघ, मोठ्या धोंड्यांच्या सावल्या बघ. मध्ये फुली आहे, तिथं यान उतरायचं. शुक्रालाही दाखव.

जतीनभाईंनी पत्र बघितलं, ठीक आहे म्हणाले.

तुझा,
प्रविण


सायवन, ३ सप्टेंबर २०१८

दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही. आता तिकडे काहीही पाठवायला हात धजावत नाही. पण कोणाला सांगू? घरात सांगता येत नाही.

तुझ्या बोटीवरचे सगळे सुटले. जतीनभाईंचा फोन आला, खलाशांना घेऊन बस हायवेनं येतेय, तलासरीला उतरवतील. आई, वहिनी, मी, तिघं सकाळपासून पुलाखाली उभे होतो. वहिनीनं तुझ्यासाठी नवा शर्ट घेतला होता, घडी न मोडता छातीशी धरून उभी होती. बस थांबली. बोट चालवणारा तांडेल उतरला. रघ्या उतरला. शुक्रा उतरला, निम्मा झालाय. मग दार लागलं आणि बस सुरतेकडून आली होती तशी पुढं मुंबईच्या बाजूला निघून गेली. वहिनी बसच्या मागं चार पावलं धावली. तिला वाटलं, तू आत झोपला असशील.

शुक्राला मी बाजूला घेतलं. म्हटलं, "दादा कुठं?"

तो म्हणाला, "तो फोटो तूच धाडलेलास ना?"

"कुठला?"

"खड्ड्यांचा. मध्ये फुली मारलेला."

दादा, तिथंच मला कळलं. तरी तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. पत्र तुरुंगाच्या ऑफिसात आलं, ते तिथं कोणाला वाचता येईना. चित्र मात्र सगळ्यांना दिसलं. वरून काढलेली जमीन, त्यावर खूण, खाली इंग्रजी आकडे. तुला बोलावलं, मग पत्र वाचायला शुक्राला बोलावलं. शुक्रा हिंदीत सांगत गेला. "उपग्रह" म्हटल्यावर साहेबानं पेन खाली ठेवलं. विचारलं, ही जागा कुठली?

"जीवन बोलला, आभाळातल्या दगडाची," शुक्रा म्हणाला. "ते हसले. मग पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. तो तेच बोलत राहिला. मी त्याला बोललो, बोल ना की मला माहीत नाय, भावाने काय पाठवलं ठाऊक नाय. तर मला बोलतो, असं कसं बोलू? माझा भाऊ शिकलेला आहे. त्याने स्वतः बनवलंय."

मी विचारलं, "मारलं का?"

"मारलं नाय. वेगळा ठेवला. त्याचे कागद वेगळे झाले." मग शुक्रा म्हणाला, "तू एवढा शिकलास रे. तुला एवढं कळलं नाय?"

वहिनी येऊन उभी राहिली तेव्हा शुक्रा तिला म्हणाला, "येईल, पुढच्या खेपेला येईल." माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. घरी येताना जीपमध्ये आई मला म्हणाली, "तू शिकलेला आहेस, तू विचार ना कोणाला तरी, माझ्याच पोराला का ठेवलं." मी म्हटलं, विचारतो.

आणि जतीनभाईंनी पत्र बघून ठीक म्हटलं असं मी लिहिलं होतं. पत्र त्यांनी बघितलं होतं. चित्रही बघितलं होतं. म्हणाले होते, "हे काढ. घरगुती तेवढंच जाऊ दे." मी त्यांच्यासमोर चित्र काढून खिशात ठेवलं, आणि ते चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा पुन्हा पाकिटात सरकवलं. मला ते तुला दाखवायचंच होतं.


डहाणू, ९ जानेवारी २०१९

दादा,

आज वकिलाकडे जाऊन आलो. आई आणि वहिनी मघाच्या बसनं घरी गेल्या. मी स्टँडवरच थांबलोय. त्यांच्याबरोबर एका बसमध्ये मला बसवेना.

नीट सांगतो. जतीनभाईंना मी सगळं सांगायला फार उशीर केला. दिवाळीनंतर गेलो. ऐकून ते सुक्या बोंबलाचा एक तुकडा बोटांत फिरवत बसले, मग म्हणाले, "शिव्या देऊन तुझा भाऊ सुटणार असता तर दिल्या असत्या. आता काम कर. ते चित्र खऱ्या जागेचं नाही हे दाखवता येईल?"

म्हटलं, "येईल."

"कसं?"

"प्रोग्राममध्ये सूर्य कुठं, कॅमेरा किती उंच, खड्डे कसे, याचे आकडे द्यायचे असतात. तेच आकडे पुन्हा दिले तर तेच चित्र पुन्हा निघतं."

"मग काढ. आकड्यांसकट काढ. मी दिल्लीला पाठवतो."

मी हो म्हणून आलो आणि आठ दिवस त्यांचा फोन उचलला नाही.

दादा, माझ्याकडे ते आकडे नव्हते. माझ्याकडे प्रोग्रामच नव्हता. तो माझ्याकडे कधी बांधूनच झाला नव्हता. इंजिनचा कोड उतरवायलाच क्लासच्या नेटवर कितीतरी दिवस गेले. मग बांधायला लावलं की मशीन गरम होऊन मेमरी अपुरी पडायची आणि मधेच बंद. ते निभावलं तर शेवटी एक फाइल सापडत नाही म्हणून सगळा पडदा चुकांच्या ओळींनी लाल. इंजिनची आवृत्ती एक, प्रोग्रामला हवी दुसरी. मी पुन्हा उतरवायचो. मार्चमध्ये तुला लिहायला बसलो तेव्हाही पडद्यावर लाल ओळीच होत्या. तुला पाठवलेलं चित्र त्या परदेशी विद्यार्थ्यांच्या पानावरून घेतलेलं होतं. मी फक्त प्रिंट काढली.

का, ते मला नीट सांगता येत नाही. सगळा पाडा म्हणत होता गेम खेळतो. तू एकटाच म्हणायचास, थांबा, होईल त्याचं. तुला तरी झालं म्हणून सांगावं, एवढंच तेव्हा मनात होतं. म्हटलं, तू सुटून येशील तोवर खरंच होईल. मग काय फरक पडतो?

शेवटी मी त्या विद्यार्थ्यांना मेल केला. हा प्रोग्राम जिनं मुळात लिहिला त्या मुलीचं उत्तर आलं. मी सगळं लिहिलं होतं, तुझ्यासकट. तिनं त्या चित्राचे आकडे पाठवले, आणि आपल्या विद्यापीठाच्या कागदावर लिहून दिलं की हे चित्र आमचं आहे, पृथ्वीवरच्या कुठल्याही जागेचं नाही. शेवटी एक ओळ होती: तुमच्या भावाबद्दल फार वाईट वाटतं, मशीनवर काय अडतंय ते कळवा.

कागद घेऊन मी जतीनभाईंकडे गेलो. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला. "तुझा भाऊ तिथं बोलतोय, माझ्या भावानं बनवलं. ही बाई बोलते, आम्ही बनवलं. म्हणजे तुझा भाऊ खोटा ठरला. आणखी अडकेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खोटं कोण आहे?"

म्हणून आजचं प्रतिज्ञापत्र. चित्र मी बनवलेलं नाही. मी बनवलं असं भावाला खोटं लिहिलं. त्यानं जे सांगितलं ते माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं. वकील म्हणाला, घरचे दोन साक्षीदार आणा. मला वाटलं, नुसत्या सह्या घेतील. पण तो भला माणूस, आईनं अंगठा लावायच्या आधी म्हणाला, "मावशी, कशावर अंगठा लावताय ते ऐकून घ्या," आणि मोठ्यानं वाचायला लागला. बाहेरच्या बाकावरचे लोकही ऐकत होते.

आईला सगळं समजलं की नाही ठाऊक नाही. तिनं अंगठा लावला आणि पदराला पुसला. वहिनीनं सही केली. स्टँडवर आल्यावर तिनं आईला बाकावर बसवलं. मग म्हणाली, "म्हणजे तू काहीच बनवत नव्हतास?"

"बनवत होतो. होत नव्हतं."

"मग तसं लिहायचं होतंस," ती म्हणाली. "त्याला काय? त्यानं तेसुद्धा सगळ्यांना कौतुकानं सांगितलं असतं."

आणि बसमध्ये चढली.


तलासरी, २८ फेब्रुवारी २०१९

दादा,

इथं जमीन हलतेय. नोव्हेंबरपासून धक्के येतात, धुंदलवाडीकडे जास्त. पत्रे थडथडतात, भांडी पडतात. लोक अंगणात ताडपत्री बांधून राहतात. क्लासच्या भिंतीला भेग गेली, पोरं येईनाशी झाली. मालक म्हणाले, मशीन काढून माझ्या ओसरीत ठेव. तिथं मी आता काम करतो. धक्का आला की मालकीणबाई आधी मॉनिटरला धरतात, मग नवऱ्याला हाक मारतात.

आणि दोन दिवस टीव्हीवर पलीकडं बॉम्ब टाकून आलेल्या विमानांचंच चालू आहे. मालकांच्या ओसरीत माणसं जमून बघतात, टाळ्या वाजवतात. तिथं माझ्या भावाचे कागद अडकलेत, असं मी म्हणू शकत नाही. जतीनभाई म्हणाले, "आता कोणी काही उघडणार नाही. थांब." वहिनी टीव्ही लागला की उठून जाते.

तो प्रोग्राम बांधून झाला. त्या मुलीनं सांगितलं तशी आवृत्ती जुळवली, एका वेळी एकच काम करायला लावलं, म्हणजे मेमरी पुरते. परवा दुपारी लाल ओळ न येता संपलं. मी सुरू केला तर पडदा काळा. वाटलं, पुन्हा फसलं. मग लक्षात आलं, सूर्य दगडाच्या मागं ठेवलाय. आकडा बदलला आणि दगड उजळत गेला. एका बाजूनं भाजल्यासारखा, खड्ड्याखड्ड्यात अंधार.

मी कोणाला बोलावलं नाही. एवढ्या वर्षांचं काम झालं आणि मी मशीन बंद करून बाहेर ओट्यावर येऊन बसलो. कोणाला दाखवायचं तर फक्त तुला, आणि तुला दाखवायचं तोंड नाही.


तलासरी, १२ मे २०१९

दादा,

हेही पत्र टपालात जायचं नाही. तू सायवनला घरी आहेस आणि मी इथं क्लासच्या खोलीत (भेग लिंपून मशीन परत आणलंय), मधे एका बसचं अंतर. तरी लिहितोय, कारण तुझ्यासमोर मला बोलता येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

एप्रिलमध्ये सुटलेल्यांत तू होतास. तू उतरलास तेव्हा मी मागं उभा होतो. ठरवलं होतं, घरी पोचायच्या आत सांगायचं. तू आईला भेटलास, वहिनीकडे बघून हसलास, आणि सरळ माझ्याकडे येऊन माझी मान धरलीस. तुझा हात केवढा हलका झालाय.

घरी अंगणात सगळा पाडा जमला होता. शुक्रा आला होता, लडक्याकाका ताडी घेऊन आले होते. तू मध्ये बसून सांगायला लागलास. साहेबानं तुला बोलावलं, दिल्लीहून आलेले कागद काढले, माझं प्रतिज्ञापत्र हिंदीत वाचून दाखवलं.

"साहेब बोलला, तेरा भाई खुद लिखता है, झूठ बोला," तू सांगत होतास. "मी बोललो, साहेब, हा कागदच खोटा आहे. मला सोडवायला तो स्वतःला खोटा म्हणवून घेतोय. असा भाऊ आहे माझा. चित्र त्यानेच बनवलंय."

"मग?" लडक्याकाकांनी विचारलं.

"मग काय? साहेब हसला. बोलला, जा, तुम दोनो भाई पागल हो."

सगळे हसले. तू मला जवळ ओढलंस आणि म्हणालास, "याला गेमवाला बोलत होते ना? आता बोला." शुक्रानं माझ्याकडे बघितलं. त्यानंच मला पुलाखाली 'तुला एवढं कळलं नाय?' विचारलं होतं, आणि आता तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "माझं चुकलं रे प्रविण." दादा, तेव्हा मी काही बोललो नाही. मी हसलो. आईपण हसत होती. एकटी वहिनी चुलीपाशी उभी होती, हातात उलथणं, आणि माझ्याकडेच बघत होती.

सकाळी क्लासचं काम आहे सांगून मी निघालो, तो इथंच राहिलो.

परवा वहिनी आली होती. बाजाराला म्हणून आली, पण पिशवी रिकामी होती. मी तिला मशीन लावून दगड दाखवला, सूर्य फिरवून दाखवला. ती बराच वेळ बघत होती.

"हे खरंच तू केलंस?"

"हे केलं."

"मग हेच दाखव त्याला. मिटलं."

मी म्हटलं, "मिटलं का?"

ती खुर्चीवरून उठली. म्हणाली, "मी नाय सांगणार त्याला. तू सांग, नाय तर नको सांगू. पण तो बोंबलवाल्यांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना सांगत फिरतोय. जितक्या लोकांना सांगेल, तितक्या लोकांसमोर त्याला शब्द मागं घ्यायला परत यावं लागेल. तेवढं ध्यानात ठेव."

दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "रात्री झोपेत तो अजून त्याच साहेबाशी बोलतो."

ती गेल्यावर मी विचार केला, किती सोपं आहे. तुला इथं बोलवायचं, खुर्चीवर बसवायचं, आकडे टाकायचे. त्या मुलीनं पाठवलेले आकडे आहेत माझ्याकडे. तेच खड्डे, त्याच सावल्या, फुलीसुद्धा जिथल्या तिथं. तू तिथं सांगितलेला शब्द न् शब्द खरा होऊन जाईल. कोणाला काही कळणार नाही. काल मी ते काढून बघितलंही. तंतोतंत तेच चित्र आलं. मी ते पुसून टाकलं.

दादा, तो कागद खरा होता. प्रतिज्ञापत्रातली ओळ न् ओळ खरी होती. मी तुला सोडवायला खोटं बोललो नाही. खोटं मी आधीच बोललो होतो, तुझ्या नजरेत मोठं व्हावं म्हणून. चित्र काढून टाक असं जतीनभाईंनी सांगितलेलं असताना पाठवलं. त्यामुळे तुझे सोबती घरी आले आणि तू तिथं राहिलास. तुला विचारत होते तेव्हा तू एकदा जरी म्हणाला असतास, मला ठाऊक नाही, तर कदाचित शुक्राबरोबर उतरला असतास. तू म्हणाला नाहीस, कारण तुला वाटत होतं की तुला ठाऊक आहे. आणि अंगणात सगळ्यांसमोर तू मला जवळ घेतलंस तेव्हा मी दुसऱ्यांदा तेच केलं. तोंडानं नाही, पण केलं.

पहिलं पत्र तुला शुक्राकडून वाचून घ्यावं लागलं होतं. हे मी कोणाच्या हाती देणार नाही. उद्या सकाळच्या बसनं येतो. आई आणि वहिनी वाडीवर गेल्यावर तुझ्यासमोर बसून मीच वाचणार आहे. मला माहीत आहे, कागद हातात नसला तर मी कोंबड्यांचं आणि गुडघ्याचं बोलत बसेन. वाचताना वर बघणार नाही. थांबलो तर म्हण, पुढं वाच.

लोकांना काय सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू म्हणालास तर शुक्राच्या अंगणात उभा राहून मीच सांगेन.

इथं मी कागद खाली ठेवीन. पुढं काही लिहिलेलं नाही. तू उठून गेलास तरी मी ओट्यावरच बसलेला असेन.

प्रविण